बाबा, बर्फ कसा ऐकता?

डुलुथ, ९ जानेवारी

प्रिय बाबा,

सुट्टीत घरी न येता कॉलेजातच राहिले म्हणून अजून फुगून बसलात का? अहो, सुट्टीतला हा खास वर्ग आहे: तीन आठवडे एकच विषय, वर्गात आठच जण, कितीही प्रश्न विचारा! शिवाय यामुळे पदवी मे महिन्यातच हातात पडेल.

विषय आहे तळ्यावरचा बर्फ. काल सरांनी विचारलं, "न मोजता जाडी कशी कळेल?" मी म्हटलं, "माझे बाबा बर्फावर काठी आपटून आवाजावरून सांगतात, तो माणसाचं वजन पेलेल की फुटेल."

"मग त्यांनाच बोलव की!" सर म्हणाले.

शुक्रवारी याल? नक्की काय ऐकता, ते मलाही शिकायचंय.

आई लिहिते, हल्ली दारावरची थाप तुम्हाला ऐकू येत नाही. मग गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाता तेव्हा बर्फ कसा ऐकता, बाबा?

शुक्रवारपर्यंत काठावरच थांबा.

तुमची हट्टी,
मारित