उरलेली मेंदी

प्रिय आई,

तुला नमस्कार आणि दादा-वहिनीला माझी आठवण.

मी अगदी मजेत आहे. फोटोतले माझे निळे हात पाहून तू घाबरलीस म्हणे! अगं, ती नीळ आहे. आमच्या रंगशाळेत सूत, लोकर सगळं जुन्या पद्धतीनं, पानं, साली आणि मुळं वापरूनच रंगवतात. जेवताना मी चमचा घेते, तेव्हा काळजी नको.

परवा मेंदीत लोकर रंगवली. पूर्वी केसांसारखीच लोकरही मेंदीनं रंगवायचे. काय सुरेख तांबूस रंग चढला! थोडी वाटलेली मेंदी उरली, तर आमच्या थोरल्या रंगारीणबाई म्हणाल्या, "टाकू नकोस. बस इथं खाली."

आणि चक्क माझ्याच डोक्याला थापायला लागल्या. त्यांना एक पांढरा केस सापडला, तेव्हा सगळ्याजणी हसून बेजार झाल्या. मीही हसले. पण बाईंची बोटं केसांतून फिरली आणि मला एकदम रडूच फुटलं. इथं आल्यापासून डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता ना! त्या सावकाश लावत राहिल्या. नंतर फार हलकं वाटलं.

मी इकडे आल्यापासून तू केसांना मेंदी लावणंच सोडलंस, असं दादा सांगत होता. "आता कोण लावून देणार?" म्हणालीस म्हणे. आई, वहिनीला छान लावता येते. तिनंच मला सांगितलं, पण तुला विचारायला ती बिचकते.

तूच तिला हाक मार, आणि तिच्याकडे पाठ करून निवांत बस.

तुझी,
धाकटी