खाटेला लावलेली की

मंगळवार, दि. ९

प्रिय छोटी,

रडून रडून तुझा आवाज बसला होता, आता फुटला का? वहिनीने पाठवलेली रजई पोचली असेल. तिची उजवीकडची शिवण चार बोटं उसवली आहे. सांगून ठेवतो, नाहीतर म्हणशील, दादाने पाहिलं नाही.

आमच्या इस्पितळातलं कपाटाएवढं मिडरेंज कॉम्प्युटरचं मशीन अजून ठणठणीत आहे. वीस वर्षं त्यावर राबलो, एकाही वर्गात न बसता. ॲलर्जीचं टेबल, म्हणजे कुणाला कुठलं औषध चालत नाही त्याचा तक्ता, तर एका बैठकीत उभं केलं: एसक्यूएल भाषेत क्रिएट टेबल, नऊ रकाने, शेवटी प्रायमरी की. मशीन कुठली ओळ कुणाची हे ज्यावरून ओळखतं, ती की. मी ती वॉर्ड आणि खाटेला लावली. नर्सने खाटेचा नंबर दाबला, ओळ समोर हजर.

नवी प्रोग्रामर तेव्हाच म्हणाली होती, "सर, पेशंटच्या नंबराला लावा ना. खाटा बदलतात."

"बाई, तुम्ही पुस्तकातून आलात, मी मशीनच्या पोटातून आलोय."

सगळे हसले. तीही हसली बिचारी.

इतकं लांबण लावतोय, कारण पुढचं लिहवत नाही.

मेहुण्यांना त्या शुक्रवारी बारा नंबरवरून सातवर हलवलं. त्यांची ओळ बारावरच राहिली: पेनिसिलिन चालत नाही. सातवर आधीच्या माणसाची ओळ तशीच होती: ॲलर्जी नाही. नाव दुसऱ्या टेबलातून येतं, ते मात्र मेहुण्यांचंच आलं. नर्सने मशीनचा पडदा पाहिला, नाव जुळवलं, इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत ते गेले.

रविवारी मी दोन्ही ओळी काढून पाहिल्या.

गेल्या मंगळवारी तुझ्या शेजारी बसून तक्रारअर्ज लिहिला. 'नर्सचा हलगर्जीपणा' हे शब्द माझे. तू नुसती सही केलीस.

त्या नर्सला घरी बसवलंय. विचारील त्याला सांगते, "मी पाहिलं होतं हो." खरंच पाहिलं होतं तिने.

येत्या सोमवारी अकराला चौकशी आहे. दोन्ही ओळी छापून घेऊन मी जातोय. नोकरीचं काय होईल ते होवो. त्याआधी हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

अर्जाची प्रत तुझ्याकडे आहे. चौथ्या ओळीत तिचं नाव आहे. ते खोडून माझं घाल. आणि खोडलंस तिथे सही कर, त्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

दादा