पाटीवाल्याचा तक्ता

१० जुलै
ठकीला, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या एकुलत्या एका लेकीला, शाळेतून इंग्रजीचा तक्ता मिळालाय. चाळीस शब्द. नाम निळं, क्रियापद लाल, विशेषण पिवळं रंगवायचं. बायको म्हणाली, क्लास लावू या. मी म्हटलं, वीस वर्षं इंग्रजी पाट्या रंगवणारा बाप घरात असताना क्लास कशाला? आजपासून रोज एक तास. ठरलं म्हणजे ठरलं.

११ जुलै
तास झाला नाही. ब्रश धुवायचे होते.

१२ जुलै
पाटीची घाई. शिवाय शब्द आधी मनात मुरावे लागतात.

१३ जुलै, संध्या. ७
सगळा तक्ता वीस मिनिटांत उरकला. मी सांगत गेलो, ती रंगवत गेली. कसं ओळखता, विचारत होती. म्हटलं, नजर बसते. खरं म्हणजे (इथे कोण वाचतंय) पाटीचाच नियम लावला. मोठा शब्द लाल, मधला निळा, बारका पिवळा. गिऱ्हाईक चिठ्ठीवर अक्षरं आणतं, अर्थ मला कधी लागलाच नाही. पण तक्ता दिसतो देखणा.

१५ जुलै
चाळीसपैकी सहा. बाईंना रंगाची जाण नाही. ठकी म्हणे भर वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, माझे बाबा रोज इंग्रजी रंगवतात, ते चुकत नाहीत. वर्ग हसला. हे बायकोकडून कळलं. जेवण गेलं नाही. उद्या तिला खरं सांगणार.

१६ जुलै
सांगितलं नाही. ती अभ्यास करत होती.

१७ जुलै
आज नक्की सांगणार होतो. कामावरून आलो तर तिने न मागता पाणी आणून दिलं. आता कोणत्या तोंडाने सांगू?

१८ जुलै
बाईंनी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला. 'दोष माझा' हे वाक्य वाटेत चारदा म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, ठकीने कबूल केलंय, तक्ता तिने एकटीने घाईत केला, बाबांचं नाव उगाच पुढे केलं. शिक्षा म्हणून तक्ता पुन्हा करायचाय.
"तुम्ही जरा लक्ष द्या. तुमचं इंग्रजी चांगलं आहे म्हणे."
मी हो म्हटलं. तेवढंच म्हटलं. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

१९ जुलै
शेवटी ठकीला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे बाबा. तुम्ही शब्द वाचत नव्हता, लांबी बघत होता."
बाईंकडे जाऊन सगळं कबूल करतो म्हणालो. तिने कोरा तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि आधी निळे शोधा म्हणाली.
तिने तपासलं, माझे चाळीसपैकी अकरा आले. उद्यापासून रोज एक तास. मला.