सोहैलाचं झमतूत

२ मे
सोहैलाने तिच्या आईच्या झमतूताची, त्या कंदाच्या फुलझाडाची, कुंडी आज माझ्या दारात आणून ठेवली. ती मुलाकडे अम्मानला चालली. हिवाळ्याचा पाऊस लागला की परतेल. म्हणाली, "फौझी, तुमच्यावर सोपवते." नुसतं फौझी! भाऊ नाही. ती विधवा, मी विधुर. समजणाऱ्याने समजावं. ती येईल तेव्हा कुंडी फुलांनी गच्च असेल आणि मी लग्नाचं विचारीन. प्लॅन पक्का.

१९ मे
पानं पिवळी पडताहेत. पाणी वाढवलं. बहीण वदीआ म्हणते, "अरे, झमतूत उन्हाळाभर झोपतं. डोंगरावर ओकच्या झाडांखाली कोण जातं पाणी घालायला?" तिथल्या झाडांना वाली नाही, म्हणून झोपतात बिचारी.

३ जून
शेवटचं पान गळलं. शेळीच्या लेंड्या घातल्या. पाणी सकाळ-संध्याकाळ. मी हार मानणारा नव्हे.

२७ जुलै
कुंडीला वास येतोय. खताचा असावा.

२८ जुलै
खताचा नव्हता. कंद हातात आला तो चहात बुडवलेल्या रोटीसारखा.

८ ऑगस्ट
डोंगरावरून दुसरा कंद खणून आणला. लहान आहे, पण तरुण आहे. वदीआ म्हणते, बीपासून फुलापर्यंत यायला ह्याला वर्षं लागतात, यंदा फूल विसर. बायकांना धीर नसतो. पाणी बंद केलंय. चूक कळली म्हणून नाही, गुडघे दुखतात म्हणून.

१४ नोव्हेंबर
पाऊस झाला आणि पानं आली! चांदीची नक्षी असलेली, कोवळी. फुलं नाहीत, पण पानांवर भागेल. कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही. सोहैला अम्मानहून परतली, परवा जेवायला येतेय. वदीआला बजावलं: तिच्या आवडीचंच कर, कसर ठेवू नकोस.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
पानांत गुंडाळलेला भात सोहैलाने बोटं चाटत संपवला. "वदीआ, इतकी कोवळी झमतूताची पानं मिळाली कुठे गं? डोंगर तर निसरडा झालाय."

"डोंगर कशाला चढायचा? दारातच होती की! फौझीच म्हणाला, कसर नको."

सोहैला उठून दारात गेली. बोडक्या कुंडीतली माती बोटाने उकरली. म्हणाली, आईचा कंद ताटलीएवढा होता, हा लिंबाएवढा कसा? मी म्हणालो, उन्हाळ्यात आकसतो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, हीच वेळ. लग्नाचं विचारायला घसा साफ केला.

तिने कुंडी उचलून कडेवर घेतली आणि म्हणाली, "येते हं, फौझीभाऊ."