मधपेटीची खुशाली

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या कागदावरच घालते, गोड मानून घ्या). तुमची पाठ कशी आहे? आमच्याकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे आम्ही दोघं, आणि यांच्या निवृत्तीनंतर तुम्ही भेट दिलेल्या पेटीतल्या वीसेक हजार माश्या. फोन न करता लिहिते आहे, कारण तुमच्या भावाला दोन भिंतींपलीकडची कुजबुजही ऐकू येते.

लिफ्टदुरुस्तीचं काम सुटल्यावर हे तीन महिने खिडकीशी नुसते बसून होते. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचाही नाही. तुमची पेटी आली, आणि दुसऱ्या दिवशी सहाला अंघोळ करून, भांग पाडून हे परसात हजर. (माझ्यासाठी कधी एवढा नीट भांग पाडल्याचं आठवत नाही, पण असो.) आणि खरं सांगू का, त्या माश्या आहेतच तशा. डोक्यावर मुकादम नाही, रजा नाही, कुरकूर नाही. इतकी वर्षं मोजपट्टी गळ्यात घालून मी शिवते आहे, तरी बाहीला बाही जुळवताना देव आठवतो. आणि या बायका अंधारात, माप न घेता, शेकडो घरं एकसारखी बांधतात. मानलं बाई त्यांना!

यांचा माश्यांपासून बचाव करणारा अंगरखा मीच शिवला. जाड पांढरं कापड, दुहेरी शिवण, मनगटाला इलास्टिक, तोंडावर जाळी. आत मुंगी शिरणार नाही, असं छातीठोक सांगितलं. मुंगी नाही शिरली. झालं काय, की हाताच्या सवयीने दोन्ही बाजूंना खिशांसाठी फटी ठेवल्या, आणि खिसे लावायचे राहून गेले. (हसू नका. गिऱ्हाइकाच्या कपड्यात असं कधी होत नाही.) हे पेटीतली माश्यांनी भरलेली पोळ्याची चौकट हातात घेऊन उभे, आणि एक माशी फटीतून थेट मांडीवर. हे असे उडाले की चौकट दाणकन खाली आपटली. यांनी आधी माश्यांची माफी मागितली, मग चौकट उचलली. अंगरख्याबद्दल मला आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत. दुसरा असता तर वर्षभर ऐकवलं असतं.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. तुम्हीच सांगितलं होतं, राणीमाशी शोधत बसू नका, घरांच्या तळाशी अंडी दिसली म्हणजे राणी आहे असं समजा. ती अंडी केवढी, तर दोऱ्याच्या टोकाएवढी. यांना चष्म्यातूनही दिसत नाहीत. म्हणून हे चौकट माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, "आहेत का गं?" वन्सं, महिना होत आला, एकही अंडं नाही. राणी त्या आपटण्यातच गेली असणार. माश्या स्वतः नवी घडवतात म्हणालात. त्यांनी घडवली नाही, की घडवलेली उडून गेली, काही कळायला मार्ग नाही. आणि मी मेली दर वेळी सांगते, "आहेत की, भरपूर!" मग हे शीळ घालत झाकण लावतात. पेटी संपली तर हा माणूस पुन्हा गप्प होईल, आणि तेही माझ्या दोन फटींपायी. मला भीती वाटते.

बाकी विशेष काही नाही. पाठीला शेक घ्या. रागावू नका, लोभ आहे तेवढा राहू द्या.

तुमची भावजय

ता. क. तुमच्या आठ पेट्यांमधून एक राणी मिळेल का? काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यात घालून स्वतःच घेऊन या, चार दिवस राहायला आल्यासारख्या. यांना अजिबात कळता कामा नये. तुम्ही आलात की मी यांना बाजारात पिटाळते.

आणखी एक ता. क. फटी शिवून टाकल्या. आता हे म्हणतात, अंगरख्याला किल्ली ठेवायला खिसा हवा.

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

ताई, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला ही विसरली. वाचलं मी. राणी नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. राणी नसली की पेटी कण्हल्यासारखी वाजते, आणि बिघाड ऐकण्यातच माझा जन्म गेला. बोललो नाही, कारण ही अंगरख्याचं मनाला लावून घेईल. शिवाय "आहेत का गं" विचारलं की शिलाई मशीन सोडून ही माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. ते मला आवडतं. रविवारी ही बाहेर गेली असताना फोनवर मी तुझ्याकडे जी राणी मागितली, ती आणि हिने मागितलेली एकच. दोन आणू नकोस, मारामारी होईल. आणि आणशील ती हिच्याच हातात दे. मी बाजारात गेलेला असेन.