रजिस्टरातला एक जून

प्रिय उदयसिंह,

ज्ञानू शिपाई लोखंडी रुळावर टोला द्यायचा आणि पोरं एका सुरात कविता धरायची. तो आवाज सकाळपासून कानातून जात नाही.

तुझं पत्र पोचलं. लेकीच्या, क्रांतीच्या घरी, तिकडे जर्मनीत, तब्येत बरी म्हणतोस. एक देश सोडला तर अख्ख्या युरोपात आता कुणाला फाशी देत नाहीत, हे तू हवापाणी कळवावं तसं सहज लिहिलंस. तेवढी ओळ वाचून मी चारदा उठलो, चारदा बसलो. राजारामपुरीतल्या या फ्लॅटची गॅलरी ती केवढी, येरझाऱ्या तरी किती घालणार?

आपल्या शाळेतला सम्राट आठवतो? हात मागे बांधून कविता म्हणायचा आणि शेवटचं कडवं गाळून खुशाल जागेवर जाऊन बसायचा. तीन वर्षांपूर्वी दरोड्यात त्याच्या हातून तीन माणसं मेली. त्याला फाशीची शिक्षा झालीय. ती तीन माणसंही मला झोपू देत नाहीत रे.

त्याची आई, आक्का, कोर्टात २००५ च्या पुराचा दाखला देत सांगत राहिली, "माझं पोरगं पुराच्या साली झालंय, सतराचं हाय." अठराच्या आतल्याला फाशी नसते. पण कोर्टानं शाळेचा दाखला पाहिला: एक जून २००३. म्हणजे दरोड्याच्या वेळी एकोणीस. आईचं खोटं ठरलं, दाखला खरा.

तो शाळेत आला त्या वर्षी पहिलीचा पट एकानं कमी पडत होता. एक शिक्षक जादा ठरणार होता, आणि तो मी होतो. पोर चारच वर्षांचं, असं आक्कानं सांगितलेलं. तू म्हणालास, "बादशहा, सहा लिही की, कोण बघतंय?" अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर माझ्याकडे. तारीख नसलेल्या पोरांना द्यायचो तोच एक जून मी त्याला दिला, हेडमास्तर म्हणून तू सही केलीस.

खटला चालला तेव्हा मी गप्प बसलो. गुरुजी शपथेवर खोटारडा ठरणार, त्याची लाज वाटली.

काल अपिलाच्या वकील संयोगिताबाईंना मीच फोन केला. त्या उद्या येतील. मी प्रतिज्ञापत्र देतोय. पण एकट्या माझ्या शब्दाला म्हाताऱ्याची माया म्हणतील. सही तुझी आहे, तुझंही प्रतिज्ञापत्र हवं. तिथल्या आपल्या वकिलातीत करता येतं म्हणे. तो तिकडं असता तर त्याच्या जिवाला आपली गरज पडली नसती. इथं पडलीय. त्यासाठीच हे पत्र.

बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं, तर आक्का. गावाहून एकटी आलीय, यापूर्वी कधी आली नव्हती. ते अक्षर कुणाचं, तिला अजून माहीत नाही. वकिलांच्या आधी तिला सांगतो.

तुझाच,
बादशहा