दादाच्या पेटीचा पंचम

रविवार, संध्याकाळ. कारंजा.

अर्धांगवायूनं दादाचा उजवा हात गेला. तीस वर्षांपूर्वी त्याच्या पेटीचा एकेक सूर मी संगणकाच्या साउंड कार्डातून फ्लॉपीवर भरला होता. आज तोच जुना संगणक त्याच्या खाटेजवळ मांडला. ते सूर वाजवणारा प्रोग्राम चालला, पण पंचम आला की नुसती खरखर. फ्लॉपीवरचा नेमका तेवढाच सूर खराब झालाय. मग सा वर चढवून त्याचा पंचम केला, तर पत्रा वाजल्यासारखा वाजला. किती वेळा तेच करून पाहायचं?

"काऊन थांबला? लाव ना," दादा म्हणाला.

लावला. पुन्हा खरखर. त्यानं डाव्या हातानं चादर आवळली.

"पेटी तर केव्हाच मोडली. मले वाटलं, हे तरी राह्यलं असन."

तेव्हा दुसरी प्रत मी काढलीच नाही, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू?